पॅकेज गेलं कुठं

आमच्या गावात मोबाइलची रेंज धड मिळते ती पाण्याच्या टाकीवर. टाकीला गोल फिरत वर जाणारा सिमेंटचा जिना आहे आणि त्याच्या तिसऱ्या वळणावर एक माणूस मांडी घालून बसेल एवढी सपाट जागा आहे. यंदाच्या जानेवारीतले पाच दिवस मी त्या जागेवर काढले. मांडीवर लॅपटॉप, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून डोक्यावरून पुढं ओढलेला आईच्या लुगड्याचा तुकडा, आणि खाली चकलांब्याच्या दिशेनं पसरलेली ज्वारी.

ज्वारी हुरड्याला आलेली. वारा सुटला की सगळं शिवार एका अंगाला कलायचं, मग सावकाश सरळ व्हायचं, जसं झोपेत कुणी कूस बदलावी. मी त्याकडं बघत राहायचे आणि स्क्रीनवर डाउनलोडची निळी रेघ मुंगीच्या चालीनं पुढं सरकायची. कधी कधी मला कळायचं नाही की यातल्या नेमक्या कशाची मी वाट बघत बसलेय.

वाट बघण्यासारखं मात्र काहीतरी होतं, आणि ते लहान नव्हतं.

मी शिकलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात, आणि आईकडची, बापाकडची सगळी भावकी धरूनसुद्धा, कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. बीडला राहून संख्याशास्त्रात बी.एस्सी. केली. हे मी मिरवते, आणि मिरवायला मला लाज वाटत नाही. त्यानंतर पुण्यात वर्षभर एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी केली. दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या गोड आवाजात ऐकायच्या, हे ते काम. शिकले आकडे आणि कामाला आल्या शिव्या. सोडून गावी आले.

मग एका संस्थेची जाहिरात दिसली. ही संस्था विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवते. त्या नोंदींवरून नकाशे आणि आलेख काढणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि ते कुठूनही काम करणारं चालणार होतं. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "पाच दिवसांचं काम पाठवते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नकाशे आले तर नोकरी तुमची, गावात बसून करा. नाही आले तर वाईट वाटून घेऊ नका, आम्ही दुसरं कुणीतरी बघू."

नाही आले तर मला परत पुण्याला, परत त्या फोनवर जावं लागणार होतं. दुसरा रस्ता दिसत नव्हता.

आणि अण्णांनी तोवर गावभर सांगून ठेवलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गवंडी आहेत. ज्या घराच्या भिंतीवर काम चालू असेल त्या घराच्या मालकाला, माल कालवणाऱ्या बायांना, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थापी न थांबवता ते सांगायचे, "माझी पोरगी घरी बसून हापिस करनार हाय. बीडला न्हाई, पुन्याला न्हाई. हितंच."

"ठरलं का पर?"

"ठरल्यातच जमा हाय की."

ठरलेलं काहीच नव्हतं.

संस्थेचं काम ज्या भाषेत चालायचं ती आकडेमोडीची भाषा आहे. तिचं नाव एकाच अक्षराचं. ती मला येत होती. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गात ती माझ्याइतकी कुणालाच येत नव्हती. पण नुसत्या भाषेनं नकाशे निघत नाहीत. त्यासाठी लोकांनी लिहून ठेवलेली तयार अवजारं लागतात, त्यांना पॅकेज म्हणतात. भाषेला सांगायचं, अमुक पॅकेज आण. ती इंटरनेटवरून उतरवून घेते, गाठोड्यासारखं सोडते आणि लॅपटॉपमध्ये एका ठरलेल्या फोल्डरात नीट रचून ठेवते. त्या फोल्डरला लायब्ररी म्हणतात. मग काम करताना नाव घेतलं की अवजार हातात. एवढाच मामला.

सोमवारी सकाळी मी टाकीवर बसले. संस्थेनं सांगितलेली भाषेची जुनी आवृत्ती उतरवली, ती निमूट बसली. मग नकाशाचं पॅकेज मागवलं. निळी रेघ हळूहळू भरली. ऊन पायरीवरून माझ्या गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून खांद्यावर. दूर गेवराईच्या रस्त्यानं एस.टी. गेली, तिच्या मागची धूळ बराच वेळ हवेत उभी राहिली. रेघ भरली. उतरलं, असं मशीननं सांगितलं. खाली लाल अक्षरांत आणखी काहीतरी आलं, ते मी वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं. पॅकेजचं नाव घेतलं.

मशीन म्हणालं, या नावाचं पॅकेज नाही.

मी म्हटलं, रेंज गेली असेल मधेच. आमच्याकडं कशालाही आधी रेंजच म्हणायची सवय आहे. फोन लागला नाही, रेंज. पोराचा निकाल दिसेना, रेंज. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला नाही तरी आमच्यात म्हणतात, रेंज नसंल त्यांच्याकडं. मी संख्याशास्त्र शिकलेली बाई, पण सोमवारी आणि मंगळवारी मिळून तेच पॅकेज पुन्हा पुन्हा उतरवलं आणि दर वेळी रेंजला दोष दिला. लाल अक्षरं दर वेळी तीच येत होती. मी ती धडपणे वाचत नव्हते.

मंगळवारी दुपारी उन्हानं अर्धवट डोळा लागला तेव्हा मला वेगळंच दिसायला लागलं. वाटलं, ही पॅकेजं म्हणजे लांबून आलेली पाहुणी माणसं. डोक्यावर गाठोडी. एस.टी.तून उतरली, कुणाचं तरी घर विचारत विचारत गावात आली, आणि दारापर्यंत पोचून पुन्हा कुठंतरी निघून गेली. ज्वारीच्या शेतातून त्यांची रांग चाललेली. मी वरून हाका मारतेय, अहो इकडं, इकडं. पण त्यांना वर बघायची सवय नाही. जागी झाले तेव्हा लॅपटॉप मांडीवर तापला होता आणि बॅटरी संपत आली होती.

बुधवारी सकाळी मामा वर आले. मामा म्हणजे गावाचं पाणी सोडणारा माणूस. माझा सख्खा मामा नव्हे. सगळं गावच त्यांना मामा म्हणतं. त्यांच्या हातात कायम व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी असते. कुठल्या दिवशी कुठल्या आळीला पाणी, हे त्यांच्या डोक्यात असतं, कागदावर कुठंच नाही. टाकीतलं पाणी किती चढलं ते बघायला ते रोज वर जायचे, आणि जाताना माझ्यापाशी थांबून एक टोमणा मारून जायचे.

"काय इंजिनेरबाई, आलं का न्हाई तुमचं?"

"मामा, मी इंजिनिअर नाही. मी बी.एस्सी. आहे."

"तेच ते. आलं का?"

"येतंय, पण राहत नाही."

"म्हंजी कसं?"

"उतरतं. पूर्ण उतरतं, तसं तेच सांगतं. मग नाव घेतलं की म्हणतं, असं काही नाहीच."

"रेंज नसंल."

"रेंज आहे की! पूर्ण आलं असं स्वतः म्हणतंय ना ते."

मामांनी चावी पायरीला टेकवली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसले. कानामागची बिडी काढली, पेटवली नाही, नुसती बोटात फिरवली.

"आठ दिसांखाली वरल्या आळीच्या बाया आल्त्या माझ्या अंगावर. घागरी घेऊन आल्त्या, रिकाम्या. म्हने पानी सोडलंच न्हाई. मी म्हन्लं, बायांनो, देवाशपत सोडलंय, टाकी अर्दी झाली की माझी. त्या म्हन्ल्या, मंग आमच्या नळाला काय वारं येतंय का? म्या आपलं दुसऱ्या दिशी परत सोडलं. तिसऱ्या दिशी परत सोडलं. रोज नुसता शिव्या खायलो."

"मग?"

"मग काय. शाळंमागचा एक जुना व्हॉल कुनी तरी उगडा ठिवलता. समदं पानी तिकडल्या खड्ड्यात. आन त्या खड्ड्यात म्हशी बसल्यात्या, लई मजेत." मामा हसले. "सारकं सारकं सोडून काय व्हतंय, बाई? पाइपाच्या मागं मागं चालत जावं लागतंय. तुमचं बी बगा की, कुन्या खड्ड्यात चाललंय ते."

ते उठून वर गेले. मी बसून राहिले. म्हशी डोळ्यांपुढून जाईनात. गारेगार पाण्यात डोळे मिटून बसलेल्या, आणि वरच्या आळीत घागरी तापतायत.

मी तीन दिवस मशीनला एकच सांगत होते, आण. कुठं ठेवतोस, हे एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायला एक ओळ लिहावी लागते, बस. मी लिहिली. तुझी लायब्ररी कुठं आहे?

मशीननं पत्ता सांगितला. सी ड्राइव्ह. त्यात यूजर्स. त्यात चार प्रश्नचिन्हं. त्याच्या पुढं डॉक्युमेंट्स आणि बाकीचं.

चार प्रश्नचिन्हं. कुणाच्या घराचा पत्ता विचारावा आणि सांगणाऱ्यानं नुसते खांदे उडवावेत, तसं. मी लाल अक्षरं वर जाऊन पहिल्यांदाच नीट वाचली. ती तीन दिवस हेच सांगत होती. ही प्रश्नचिन्हांची जागा मला सापडत नाही, तिथं मला काही ठेवता येत नाही.

आणि ती चार प्रश्नचिन्हं कोण आहेत, हे मला लगेच कळलं.

हा लॅपटॉप आम्ही बीडला घेतला होता, जुनाच, दुरुस्त केलेला. एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात एका चाचांचं दुकान आहे. चाचा मशीन उघडून, पुसून, पुन्हा नव्यासारखं करून देतात. मी आणि अण्णा काउंटरपुढच्या बाकावर बसलेलो. चाचांनी मशीन चालू केलं, त्यानं वापरणाऱ्याचं नाव विचारलं.

"नाव काय टाकू, मामू?" चाचांनी मला न विचारता अण्णांना विचारलं.

अण्णा सावरून बसले. "आदी श्री लिव्हा. नाव मागून."

आता अण्णांचं हे असंच आहे. घराच्या पायात पहिला दगड बसवताना त्यावर कुंकवानं श्री. चौकट उभी करताना तिच्यावर श्री. माझ्या पहिलीच्या पाटीवर मी अक्षर काढायच्या आधी त्यांनी श्री काढला होता, आणि त्यांना तेवढं एकच अक्षर वळणदार काढता येतं. श्री काढल्याशिवाय त्यांचा हात पुढं चालत नाही.

मी म्हणाले, "अण्णा, कॉम्प्युटरला नाही लागत तसलं."

चाचा माझ्यावरच डोळे वटारून म्हणाले, "कैसा नहीं लगता? मामू बराबर बोलतायत. हम बी बिस्मिल्ला के बगैर पेचकस नाही उचलत." त्यांनी कीबोर्ड मराठीवर घेतला. एक एक अक्षर हुडकत, चष्मा कपाळावर चढवून, श्री टाकला. नंतर माझं नाव टाकायचं होतं, पण बोट चुकून एंटरवर गेलं आणि मशीन पुढं निघून गेलं. स्क्रीनवर मधोमध एकटा श्री. मोठा, पांढरा. अण्णांनी दोन्ही हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लई झ्याक दिसतंय."

आणि मशीननं त्या नावाचंच घर बांधलं होतं. माझ्या सगळ्या फाइली, सगळे कागद त्या श्री नावाच्या फोल्डरात राहत होते. मशीन स्वतः त्याला ओळखत होतं. पण ही जुनी आवृत्ती परक्या मुलखातली. तिला ते अक्षर वाचता येत नव्हतं. श, त्याचा मोडलेला पाय, र आणि वेलांटी असे श्रीचे मशीनच्या लेखी चार तुकडे, म्हणून चार प्रश्नचिन्हं. ती दारात येऊन पाटीकडं बघायची आणि गाठोडी घेऊन परत जायची.

तेव्हा मी जे केलं ते घाईनं केलं. सेटिंगमध्ये गेले, श्री पुसला, तिथं माझं नाव इंग्रजीत टाकलं. मशीन बंद करून चालू केलं. माझं नाव आलं, छान दिसलं. पत्ता पुन्हा विचारला. चार प्रश्नचिन्हं तिथंच. वर दाखवायचं नाव बदललं होतं, खालच्या फोल्डराचं नाव बदलत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं, नव्हतं. टाकीच्या सावलीत मी बसून राहिले. खाली ज्वारी हलत होती. बुधवार संपत आला होता.

गुरुवारी सकाळी अण्णा कामावर निघाले. निघताना त्यांची एक रीत आहे. थापी, ओळंबा, दोरी, सगळ्या हत्यारांना हात लावून तो हात कपाळाला लावायचा. माझा लॅपटॉप घरात आल्यापासून तोही त्या रांगेत आहे. झाकण उघडायचं, श्री दिसला की हात जोडायचे, झाकण मिटायचं. त्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"श्री कुठं गेला?"

मी चहा गाळत होते. "मी काढला."

"कावून?"

"त्यानं अडत होतं, अण्णा. त्या भाषेला तो वाचता येत नाही. तीन दिवस त्यानंच अडलंय सगळं."

ते थापीची मूठ अंगठ्यानं घासत राहिले.

"म्हंजी माझ्यामुळं अडलं व्हय गं?"

खोटं बोलता आलं असतं. तेवढं मी फोनवर वर्षभर शिकून आले होते. पण घरात तो आवाज मला काढायचा नव्हता.

"हो," मी म्हणाले. "तुमच्यामुळं."

"मंग सांगायचं की तवाच."

"मलाच काल कळलं."

त्यांनी मान हलवली. कपाळाला हात न लावताच झाकण मिटलं. मग दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"आन काडल्यावर? चाललं का?"

"नाही."

"न्हाई?"

"नाही चाललं."

"मंग कशापायी काडला, माय माझी?" आता त्यांचा आवाज चढला. "न चालायला काडला व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही. मी त्यांना बसवलं. पाटावर मीठ सांडून त्यात बोटानं चौकोन काढला, म्हटलं, हे घर. दारावर नाव होतं श्री, ते मी पुसलं. पण घर बांधतानाच मशीननं ते नाव आत पक्कं धरून ठेवलंय. ते काही केल्या निघत नाही.

अण्णांनी मिठाच्या चौकोनाकडं गवंड्याच्या नजरेनं पाहिलं.

"पायात गेलाय त्यो," ते म्हणाले. "म्या चाचाच्या दुकानात पायातच टाकला. पायातलं कुठं दारावर पुसून निघतंय व्हय."

"मग आता काय करू? सगळं घर पाडू? नवीन नावाचं घर नव्यानं बांधायचं तर सगळं परत उतरवावं लागेल. टाकीवरच्या रेंजनं आठवडा जाईल. उद्या शुक्रवार आहे."

"पाडायला कावून लागतंय?" त्यांनी चौकोनाच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, आणखी एक लहान चौकोन काढला. त्यांचं बोट जाड, सिमेंटनं खरबरीत. पण रेघ सरळ. "घरात येनाऱ्याला घर पटंना तर मानूस काय घर पाडतंय? बाहीर खोली काडतंय. पावनं तिथं उतरत्यात. तुज्या त्या मशीनमदी बाहीर जागा हाय का न्हाई रिकामी?"

होती. डी ड्राइव्ह पूर्ण रिकामा होता.

लायब्ररीची जागा आपण स्वतः नेमून देऊ शकतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. मग तो टाकीवर का आठवला नाही? मला वाटतं, मी लायब्ररीला जागा कधी समजलेच नव्हते. ती एक व्याख्या होती, आणि व्याख्येत कुणी राहायला जात नाही.

त्या दुपारी टाकीवर मी डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर केलं. नाव दिलं kholi. भाषेला सांगितलं, इथून पुढं पाहुणे इथं. पॅकेज मागवलं. निळी रेघ भरत असताना मी पाय खाली सोडून बसले. हवेत कुणाच्या तरी हुरड्याच्या आगटीचा वास. एक घार टाकीभोवती फिरत होती, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, पंख न हलवता. ती गेली की तिची सावली जिन्याच्या पायऱ्यांवरून वळणं घेत खाली उतरायची. रेघ भरली.

लाल अक्षरं.

या वेळी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जीभ दाताखाली धरून. पॅकेज खोलीकडं निघालं होतं. पण गाठोडं सोडायला मशीन त्याला आधी तात्पुरत्या एका फोल्डरात थांबवत होतं, आणि ते तात्पुरतं फोल्डरही त्याच घरात होतं. पुन्हा चार प्रश्नचिन्हं. पाहुण्यांनी खोलीत राहायचं, पण हात-पाय धुवायला जायचं त्याच घरात, असली गत. बॅटरी संपली. गुरुवार तिथं संपला.

शुक्रवारी सकाळी वीज नव्हती. लॅपटॉप चार्ज होईना. मामा रस्त्यानं चावी खांद्यावर टाकून चाललेले, मला दारात उभी बघून म्हणाले, "आज टाकी मोकळी दिसतीया."

"लाइट नाही, मामा."

"मंग या की पंपापाशी. तिकडं दुसऱ्या लाइनीची लाइट हाय."

गावाच्या पाण्याच्या पंपाच्या खोलीत, मोटारीच्या घरघराटात, भिंतीतल्या प्लगला लॅपटॉप लावून मी दुपारपर्यंत बसले. त्या आवाजाची हळूहळू गुंगी येते. सगळं गाव त्या मोटारीच्या पोटात झोपल्यासारखं वाटतं. मी डी ड्राइव्हमध्ये दुसरं फोल्डर केलं आणि तात्पुरत्या कामाची जागाही तिथं हलवली. आता त्या घराच्या उंबऱ्याला कुणाचाही पाय लागायची गरज नव्हती.

दीडच्या सुमाराला टाकीवर चढले. मागवलं. रेघ भरली. लाल अक्षरं आली नाहीत. नाव घेतलं, तर मशीन काहीच बोललं नाही. ही भाषा खूश असली की गप्प बसते. खाली नुसती एक खूण लुकलुकत असते, बोल, पुढं काय. मी कितीतरी वेळ त्या खुणेकडं बघत बसले. मग एकामागून एक पाहुणे आले. या पॅकेजला ते लागतं, त्याला आणखी दुसरं. सगळे खोलीत उतरले.

नकाशा काढायला तासभर लागला. ते काम मला येत होतंच. विहिरींचे ठिपके एक एक करून उमटले. पाणी खोल गेलेल्या गडद, वर असलेल्या फिक्या. आमच्या टाकीखालची विहीरही त्यात होती, फिकट निळी. मी पाठवलं तेव्हा पाचला थोडीच मिनिटं कमी होती. जाता जाता रेंज गेली आणि माझा जीवही गेला; मग आली, आणि नकाशे पोचले असं दिसलं.

मॅडमचा फोन सूर्य कलल्यावर आला.

"नकाशे चांगलेत. पण इतका उशीर? बाकीच्यांचे बुधवारीच आले."

मी सांगितलं. श्री, चार प्रश्नचिन्हं, खोली, सगळं. त्या मधेच हसल्या.

"सोमवारपासून सुरू करा," त्या म्हणाल्या. "फक्त दिवसाचे सहा तास तुम्ही ऑनलाइन लागाल. बसता कुठं तुम्ही?"

"पाण्याच्या टाकीवर."

"रोज?"

मी म्हणाले, "सोमवारपर्यंत जागा करते."

अण्णा मधल्या आळीत एका घराची भिंत चढवत होते. मी विटांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. "अण्णा, झालं. लागले मी."

त्यांनी मागं बघितलं नाही. "थांब. माल सुकतोय." एक वीट, दुसरी वीट. दोरीला डोळा लावून थर सरळ केला, जादा माल थापीनं काढून घेतला. थर पूर्ण झाला तेव्हा कुठं ते वळले. घरमालक ओट्यावर बसला होता. अण्णा त्यालाच म्हणाले, "म्हन्लं न्हवतं? ठरल्यातच जमा हाय म्हनून?" आणि मग मला, हळूच, "हात धुतो. चल."

घरी आल्यावर मी जागेचं सांगितलं. आमचं घर स्लॅबचं आहे, त्यांनीच बांधलेलं. ते जिन्यानं वर गेले. कुठून तरी एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला माझा फोन जुन्या फडक्यानं बांधला आणि बांबू आभाळात उभा धरला. फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट लावून मी खाली स्लॅबवर बसले.

"उगडतंय का?"

"नाही."

ते एक पाऊल सरकले. "आता?"

"नाही. थोडं पलीकडं."

ते सगळ्या स्लॅबवर तसे फिरले, हातात बांबू धरून, तोंड वर करून. मधल्या आळीतल्या पोरी आपापल्या स्लॅबवर येऊन बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "आकाशात काय टोचायलाव, काका?" पूर्वेच्या कोपऱ्यात, कठड्याला पाय लावून त्यांनी बांबू आणखी वर उचलला. पान उघडायला लागलं. आधी वरची पट्टी, मग नकाशाचा एक कोपरा, मग एक ठिपका.

"आलं! हलू नका."

"हितं?"

"तिथंच."

"म्हंजी हितं खोली काडायची," ते म्हणाले, "आन तीबी उंच." त्यांनी एका हातानं बांबू धरून दुसऱ्या हातानं खिशातला विटेचा तुकडा काढला आणि कठड्यावर खूण केली. मग परत दोन्ही हातांनी बांबू धरला. "बग लवकर काय बगायचंय ते. हात दुखाया लागला."

पान केव्हाच पूर्ण उघडलं होतं. विहिरी सगळ्या जागच्या जागी होत्या. उजेड हळूहळू उतरत होता, शिवारावर धुरकट निळं पसरत होतं, आणि त्या निळ्यात बांबूच्या टोकाला माझा फोन लुकलुकत होता.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडं," मी म्हणाले.